बाळंतिणीला विचारायचा राहिलेला प्रश्न

गेली वीस-बावीस वर्षं मी बायकांच्या संघटनेत काम करते आहे. मारहाणीच्या तक्रारी, पोटगीची प्रकरणं, पोलीस ठाण्यातल्या बाकड्यावर काढलेले तास, मोर्चे, शिबिरं, रात्रीच्या एस.टी.चे प्रवास, सगळं केलं. शिबिरात बायकांना बोलतं करायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असायचं. "मनातलं बोला, इथे कुणी हसणार नाही, कुणी नावं ठेवणार नाही," हे मी किती वेळा म्हटलं असेल! पण माझ्या स्वतःच्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट दिवस मात्र मी एकाही बैठकीत सांगितले नाहीत. जवळच्या मैत्रिणींनासुद्धा नाही.

आज लिहायला बसले त्याला कारण घडलं. गेल्या पावसाळ्यात एका गावातली बैठक संपल्यावर एक अगदी तरुण बाई मागे रेंगाळली. कडेवर तीन महिन्यांचं बाळ. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "ताई, मला बाळाला घेऊन विहिरीकडून जायची भीती वाटते." मी विचारलं, "पाय घसरेल म्हणून?" तिने मान हलवली. नाही. पुढे काही बोलली नाही. पण मला पुढचं सगळं कळलं, कारण ते मी भोगलेलं होतं. आणि त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. आम्ही दहा वर्षं त्या गावात जातो. आरोग्यावर बोललो, हिमोग्लोबिनवर बोललो, पाळी-पाळणा सगळ्यावर बोललो. पण या एका गोष्टीवर आमच्यापैकी कुणी कधी तोंड उघडलं नाही. म्हणून ती पोर तीन महिने एकटी होती.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते.

२०१५ च्या अखेरीस मला दिवस गेले. लग्न उशिरा झालेलं, आणि आधीचा एक गर्भ तिसऱ्या महिन्यात पडलेला. त्यामुळे या वेळी जपायचं, असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. मी जरा जास्तच जपायला लागले. भाजी चार पाण्यांनी धुवायची, मग सहा. दुधात पाल पडली असेल असं वाटून पातेलंच्या पातेलं ओतून द्यायचं. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का ते बघायला उठायचं, बघून यायचं, अंथरुणावर पडायचं, पुन्हा उठायचं. एका रात्री मी अकरा वेळा उठले. बंद आहे हे मला दिसत होतं, कळत होतं, तरी मन म्हणायचं, नीट बघितलंस का? सातव्या महिन्यात माझे हात धुऊन धुऊन सोलवटले होते.

यातलं काही मी लपवलेलं नव्हतं. सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. पण कुणाला ते आजारपण वाटलं नाही. सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगायच्या, "स्वच्छता घ्यावी तर हिच्याकडून." ज्या घरात सोवळंओवळं अजून पुरतं गेलेलं नाही, तिथे सहा वेळा हात धुणारी सून आजारी कशी वाटेल? ती तर गुणाची. दर महिन्याला दवाखान्यात माझं वजन व्हायचं, रक्तदाब व्हायचा, सोनोग्राफी झाली, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रक्त घेताना एका सिस्टरने माझे हात पाहिले आणि म्हणाली, "भांड्याची पावडर बदला." त्या नऊ महिन्यांत माझ्या मनाच्या सर्वांत जवळ आलेला प्रश्न तो एवढाच.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे मी माहेरी होते. पाचवीच्या रात्री आईने पूजा मांडली आणि बाळाच्या उशाशी विळा ठेवला. आपल्याकडे किती घरांत ठेवतात, लोखंड जवळ असलं की बाळाला काही बाधत नाही म्हणून. आईने तो प्रेमाने, रक्षणासाठी ठेवला होता. आणि मी अंथरुणावर उठून बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र आलं. विळा, माझा हात आणि बाळ. त्याहून जास्त मी इथे लिहीत नाही. ज्या बाईला असं चित्र दिसलेलं आहे तिला एवढ्याने कळेल.

ते चित्र गेलं नाही. दिवसातून पन्नास वेळा येऊ लागलं. मग नुसता विळा नाही. स्वयंपाकघरातली विळी, आईची कात्री, अंघोळीच्या पाण्याचं घंगाळ, गच्चीचा कठडा. जिथे जिथे बाळाला काही होऊ शकेल तिथे तिथे मन मला नेऊन उभं करायचं आणि विचारायचं, तू असं केलंस तर? मी विळा माळ्यावर टाकला. विळी शेजारी देऊन आले. बाळाला न्हाऊ घालायला एक बाई यायची ते बरंच होतं, पण ती आली नाही त्या दिवशी "मला कंबर वाकवत नाही" म्हणून मी आईला पायावर घ्यायला लावलं. पाजण्यापुरतं बाळाला जवळ घ्यायचं आणि लगेच आईकडे द्यायचं. रात्री झोपायची नाही, कारण झोपेत आपण काही केलं तर? नवऱ्याला फोन करून एकच विचारायचं, "मी तिला काही करणार नाही ना?" तो म्हणायचा, "नाही गं, काहीतरीच काय!" तेवढ्याने पाच मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा फोन.

घरात कुजबुज सुरू झाली. आत्या म्हणाली, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. अंगारा आला, लिंबू उतरून टाकलं गेलं. एक मावशी सरळ म्हणाली, "हिला आईचं काळीजच नाही. चळवळीतल्या बायका अशाच." हे सगळं ऐकताना मला एकच वाटत होतं, यांना खरं कळलं तर काय होईल? मुलगी काढून घेतील. मला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. आणि खरं सांगायचं तर माझं स्वतःचंही तेच मत झालं होतं. ज्या आईच्या मनात असं येतं ती आई कसली, राक्षसीणच. एका पहाटे मी निघून जावं, संपवावं स्वतःला, म्हणजे पोर तरी सुरक्षित राहील, इथवर आले होते.

मला मदत मिळायला पाच महिने लागले. ती कशी मिळाली हे सविस्तर सांगते, कारण आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं तेच आहे.

पहिल्यांदा मी धीर केला तो बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईंकडे. दीड महिन्याच्या तपासणीला गेले होते. म्हटलं, "मनात वाईट विचार येतात." त्या टाके बघत होत्या. म्हणाल्या, "सगळ्यांनाच येतात, बाळाकडे लक्ष द्या, मन रमेल." बाहेर चाळीस बायका खोळंबल्या होत्या, मी त्यांना दोष देत नाही. पण बाळाकडे लक्ष दिलं की तर ते विचार येत होते! दुसरे गेलो ते ओळखीचे वैद्य. त्यांनी झोपेचं औषध दिलं. झोप आली नाही, आणि झोपेची भीती मात्र वाढली. तिसऱ्या वेळी बाळाच्या लसीला गेले असताना बालरोगतज्ज्ञांना विचारलं, "माझ्या हाताचे जंतू दुधातून जातात का?" त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "दिवसातून किती वेळा हात धुता?" मी म्हटलं, "मोजले नाहीत." ते म्हणाले, "हा बाळाचा प्रश्न नाही, तुमचा आहे. आणि याला डॉक्टर असतो." एका चिठ्ठीवर त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागाचं नाव आणि वार लिहून दिला. पाच महिन्यांत मिळालेली पहिली खरी मदत ही एवढीशी होती.

एस.टी.ने अडीच तास. कडेवर बाळ, सोबत आई. केसपेपर काढला, रांगेत बसलो. बाळाला पाजायला जागा नव्हती, जिन्याखाली पदर आडवा धरून पाजलं. आमचा नंबर लागला तेव्हा दुपार टळून गेली होती. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान असतील. मी आईला बाहेर थांबायला सांगितलं आणि सगळं बोलले, विळ्यापासून. बोलताना दाराकडे बघत होते, आता कुणाला तरी बोलावतील म्हणून. त्यांनी कुणाला बोलावलं नाही. तीन प्रश्न विचारले. हे विचार आले की तुम्हाला कसं वाटतं? तुम्हाला तसं करावंसं वाटतं, की तसं होईल याची भीती वाटते? आणि ते होऊ नये म्हणून तुम्ही काय काय करता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पंधरा मिनिटं लागली. मग ते म्हणाले, "बाई, याला ओसीडी म्हणतात. मराठीत मंत्रचळ म्हणतात ना, तेच. बाळंतपणात हा पुष्कळ बायकांना होतो. तुम्ही बाळाला धोका नाही आहात. तुम्ही तिला इतकं जपताय, की जपण्याचाच आजार झालाय."

मी तिथे टेबलावर डोकं टेकून रडले.

मैत्रिणींनो, मंत्रचळ हा शब्द आपण सगळ्यांनी थट्टेने वापरलेला आहे. सारखी हात धुणारी म्हातारी, कडी दहा वेळा ओढून बघणारे काका. पण या आजाराची दुसरी बाजू आपल्याला माहीत नसते. त्यात नको असलेले, घाण वाटणारे, आपल्याच स्वभावाच्या उलटे विचार आणि चित्रं मनात घुसतात. त्यांच्या भीतीने माणूस काही ना काही करत राहतो. धुणं, तपासणं, मोजणं, टाळणं, पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेणं. त्याने घटकाभर बरं वाटतं, आणि म्हणूनच आजार घट्ट होतो. बाईच्या आयुष्यात गरोदरपण आणि बाळंतपण हा काळ असा आहे की त्यात हा आजार नव्याने सुरू होऊ शकतो किंवा असलेला बळावू शकतो. या काळात शंभर बायकांत दोघी-तिघींना तो होतो, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचं सर्वसाधारण सांगणं आहे.

आणि नुसते विचार? ते तर त्याहून कितीतरी जास्त जणींना येतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात साडेतीनशेहून अधिक बाळंतिणींचा एक अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याच्या आसपास बायकांनी सांगितलं की आपल्या हातून बाळाला इजा होईल असे नकोसे विचार कधी ना कधी मनात येऊन गेले. आणि असे विचार येणाऱ्या बायकांच्या हातून बाळांना जास्त इजा झाली, असं मात्र काही आढळलं नाही. बहुतेक जणींच्या मनातून विचार येतो आणि जातो. ओसीडी असलेली बाई त्याला धरून बसते, कारण तिला तो सगळ्यांत जास्त भयंकर वाटतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण गल्लत झाली तर जीव जाऊ शकतो. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार, ज्याला सायकोसिस म्हणतात, तो वेगळा. हजार बाळंतपणांत एखाद-दोन वेळा होतो, बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत. त्यात बाईला आवाज ऐकू येतात, नसलेलं दिसतं, बाळ आपलं नाही किंवा त्याच्यात काही शिरलं आहे असं तिला ठामपणे वाटतं, झोप उडते, बोलणं सुटतं. आणि त्या विचारांची तिला भीती वाटेलच असं नसतं, ते तिला खरेच वाटतात. अशी लक्षणं दिसली तर एक रात्रही थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं आणि आई-बाळाला एकटं ठेवायचं नाही. बाई जीव देण्याचं बोलत असेल तरीही तसंच. यातलं काय आहे हे आपण कार्यकर्त्यांनी ठरवायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण "मला असं करण्याची भीती वाटते" म्हणणाऱ्या बाईकडे खुनी म्हणून बघायचं नाही, एवढं तरी आपण ठरवू शकतो.

उपचार काय झाले? औषध दिलं. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालेल असं निवडून, कमी मात्रेपासून. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना मनाची औषधं घ्यायचीच नाहीत, असा सरसकट समज आपल्याकडे आहे, डॉक्टरांमध्येसुद्धा. तो बरोबर नाही. काही औषधं खरोखर टाळावी लागतात, काही या काळात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत. उपचार न केल्याचाही आई-बाळाला त्रास होतो, तो तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकावा लागतो. आधीपासून गोळ्या चालू असतील तर दिवस गेले म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

औषधाच्या जोडीला दुसरा उपचार होता, तो मला जास्त कठीण गेला आणि जास्त उपयोगी पडला. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं, आणि त्यानंतर जे करावंसं वाटतं ते करायचं नाही. विभागातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, विळी शेजारणीकडून परत आणा. नुसती आणून ठेवा. पुढच्या आठवड्यात, बाळ दुपट्यावर झोपलं असताना त्याच खोलीत बसून मेथी निवडा. मग विळीवर कांदा चिरा. भीती वाटेल, वाटू द्या. उठू नका. ती आपली आपण उतरते. पहिल्या दिवशी माझा घाम पायांपर्यंत आला होता. चाळीस मिनिटांनी भीती उतरली. मला ते खोटंच वाटलं. तीन आठवड्यांनी मी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं.

नवऱ्यालाही बोलावून घेतलं. त्याला सांगितलं, "मी काही करणार नाही ना" असं विचारलं की यापुढे उत्तर द्यायचं नाही. म्हणायचं, "हा तुझा आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच आहे." त्याला ते फार निर्दय वाटलं. पण ज्याला मी आधार समजत होते त्यानेच आजाराला खतपाणी मिळत होतं. असं कुणी समजावून सांगितल्याशिवाय घरच्यांना कळणार कसं?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. तो आपल्याबद्दल आहे, बायकांच्या संघटनांबद्दल.

मी माझ्याच गटात का बोलले नाही? लाज हे एक कारण झालं. पण त्याहून मोठं कारण असं की, मनाच्या आजाराबद्दल आमच्या गटात जेव्हा जेव्हा बोलणं व्हायचं, तेव्हा ते एकाच दिशेने व्हायचं. सासरचे बाईला वेडी ठरवतात, टाकून देतात, घटस्फोट मागतात. हे खोटं आहे का? मुळीच नाही. अशा किती बायकांच्या बाजूने आपण उभ्या राहिलो. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मनोविकार हा घटस्फोटाचा आधार आहे, आणि त्याचा गैरवापर आपण डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्यामुळे आपल्याला सवय लागली म्हणण्याची, "ती वेडी नाही, तिला वेडी ठरवलं आहे." पण मग जी खरोखर आजारी आहे तिचं काय? ती आपल्या बैठकीत बसून हे ऐकते आणि मनात म्हणते, म्हणजे आजारी असणं ही इतकी वाईट गोष्ट आहे की माझ्या मैत्रिणीसुद्धा ती नाकारूनच माझी बाजू घेऊ शकतात. मी असंच म्हटलं होतं.

स्त्रीवादी मांडणीत मानसिक आरोग्याचा प्रश्न कुणी आणलाच नाही असं नाही. पुण्यात काम केलेल्या भार्गवी दावर यांनी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी दृष्टीतून लिहिलेलं पुस्तक १९९९ सालीच इंग्रजीत आलं. पण ते बोलणं आपल्या गावपातळीच्या कामात फारसं उतरलं नाही. घरातला जाच, दारिद्र्य, एकटेपणा यांनी बाईचं मन खचतं हे आपण म्हणतो, आणि ते खरं आहे. पण मला जाच नव्हता. नवरा समजूतदार होता, आई जवळ होती, हाताला काम होतं. तरी मी आजारी पडले. सगळ्या दुखण्याचं मूळ जाचातच शोधायला गेलो तर माझ्यासारखीला आपण विचारणार, "घरी काही त्रास आहे का?" ती म्हणणार, "नाही," आणि बोलणं तिथेच संपणार.

भीतीवर गप्प राहणं हा उपाय नाही. कायदा नीट माहीत करून घेणं हा आहे. म्हणून चार गोष्टी सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात. एक, घटस्फोटासाठी नुसता मनोविकार असणं पुरत नाही. तो इतका आणि अशा प्रकारचा असावा लागतो की जोडीदाराने एकत्र राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली हे स्पष्ट केलं आहे. दोन, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की, न्यायालयाने तसं ठरवल्याखेरीज केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कुणाला विकल मनाचं मानता येणार नाही. तीन, त्याच कायद्याप्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क आपल्याला आहे आणि सरकारी सेवेत उपचार मिळण्याचाही. चार, एकविसाव्या कलमाप्रमाणे मानसिक रुग्णालयात दाखल झालेल्या बाईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे वेगळं करता येत नाही. मुलाला धोका आहे किंवा त्याच्या सुरक्षिततेसाठी गरज आहे असं डॉक्टरांचं मत झालं तरच तात्पुरतं वेगळं करता येतं, आणि तेव्हाही देखरेखीखाली आईला मुलाला भेटता आलं पाहिजे. माझ्या वेळी हा कायदा नव्हता. असता आणि मला माहीत असता, तर "मुलगी काढून घेतील" या भीतीत पाच महिने गेले नसते.

पण कायद्यात लिहिलं म्हणजे सोय झाली असं होत नाही. आईला बाळासकट दाखल करून घेणारा स्वतंत्र कक्ष बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ साली सुरू झाला. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या बाईने बंगळुरूला जायचं का? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आई-बाळाला एकत्र ठेवता येईल असा कक्ष त्या प्रत्येक ठिकाणी हवा, ही आपली मागणी असली पाहिजे.

दुसरी मागणी साधी आहे, तिला इमारतही लागत नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. बाळाचं वजन, नाळ, ताप, दूध, सगळं बघते. या फेऱ्यांमध्ये एक प्रश्न आईला विचारला जावा. नैराश्य ओळखायची एक दहा प्रश्नांची चाचणी १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, ती जगभर वापरतात. चांगलीच आहे. पण त्या दहा प्रश्नांत नकोशा विचारांबद्दल एकही प्रश्न नाही. तेव्हा नुसती ती चाचणी आणून भागणार नाही. आणि आशाताईवर आणखी एक बिनपगारी ओझं टाकूनही भागणार नाही. तिला याचं प्रशिक्षण द्या, या कामाचा मोबदला द्या, आणि तिने कळवलेल्या बाईला पुढे कुठे पाठवायचं ते ठरवून द्या. मनोविकार विभागात आठवड्यातली एक दुपार बाळंतिणींसाठी राखून ठेवा, आणि पाजायला एक खोली द्या. जिन्याखाली नको.

पण हे होईपर्यंत थांबायचं कारण नाही. विचारायला आपल्याला सरकारी परवानगी लागत नाही. फक्त कसं विचारायचं ते शिकावं लागतं. "काय, ठीक आहेस ना?" असं विचारलं की बाई "हो" म्हणते. मी असं विचारते: "बाळ झाल्यावर बऱ्याच बायकांच्या मनात नको नको ते येतं. बाळाला काही होईल, आपल्याच हातून काही होईल, असंसुद्धा. मलाही आलं होतं. तुझ्या मनात असं काही येतं का?" आधी स्वतःचं सांगायचं, मग तिला विचारायचं. ती हो म्हणाली तर दचकायचं नाही, बाळ तिच्या हातून काढून घ्यायचं नाही, आणि सासूला सांगायचं नाही. तिच्याबरोबर दवाखान्यात जायचं. पोलीस ठाण्यात जातो तशाच. एकटीला जाणं सोपं नसतं, हे तिथल्या बाकड्यावर बसलेली बाईच जाणे. दवाखाना लांब असेल तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा तिचा नंबर, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवू या, महिला हेल्पलाइनच्या नंबराशेजारी.

विहिरीला भिणाऱ्या त्या मुलीबरोबर मी दोनदा जिल्ह्याला जाऊन आले. तिसऱ्या वेळी ती आणि तिची नणंद दोघीच गेल्या. तिचं अजून पुरतं बरं नाही. पण आता ती बाळाला घेऊन पाण्याला जाते, भीती वाटली तरी जाते.

माझंही सगळं पुसून गेलेलं नाही. मुलीची परीक्षा, आईचं आजारपण, असं काही आलं की रात्री रेग्युलेटर बघायला उठावंसं वाटतं. एकदा बघते आणि पडून राहते. गेल्या वर्षी भावाच्या बायकोचं बाळंतपण झालं. पाचवीला आईने विळा काढला, आणि बाळाच्या उशाशी ठेवण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला चालतं आता. तिला विचार." आईने तिला विचारलं. आमच्या घरात बाळंतिणीला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

पुढच्या महिन्यातल्या बैठकीत मी हे सगळं तोंडी सांगणार आहे. ज्यांना आपलं सांगायचं असेल त्यांनी माझ्यानंतर सांगावं. नसेल सांगायचं तर नुसतं येऊन बसावं.